बाईकची टाकी स्वतः खरवडून रंगवायची असेल तर, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टाकी रंगवायची म्हटलं की सगळे आधी रंग शोधत बसतात, मॅट काळा की कँडी लाल, पट्टे द्यायचे की नाही वगैरे. मीही तेच केलं होतं. पण टाकी म्हणजे मडगार्ड किंवा साइड पॅनल नाही, तिच्यावर पेट्रोल सांडतं, भरताना दर वेळी एखादा थेंब तरी पडतोच, आणि पेट्रोल बऱ्याच रंगांवर थिनरसारखंच काम करतं. म्हणून सगळ्यात वर कुठला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बसणार आहे ते आधी ठरवा आणि मग प्रायमर, रंग, थिनर हे सगळं त्याच्याशी जुळेल असं घ्या, जमल्यास एकाच कंपनीचं.

साध्या स्प्रे कॅनमधला क्लिअर, ज्याला वनके म्हणतात, तो फक्त त्यातलं थिनर उडून गेल्यामुळे वाळतो. आत काहीच नवीन तयार होत नाही, त्यामुळे पेट्रोल लागलं की तो परत मऊ पडतो. दुसरा प्रकार टूके, त्यात क्लिअरसोबत वेगळा हार्डनर असतो, दोन्ही एकत्र आले की रिअॅक्शन होऊन घट्ट जाळं तयार होतं आणि पूर्ण पक्कं झाल्यावर ते पेट्रोलला दाद देत नाही. माझ्या पहिल्या टाकीवर मी साधा क्लिअर मारला होता, दिसायला एकदम मस्त, आणि दुसऱ्यांदा पेट्रोल भरलं तेव्हा झाकणाभोवती सुरकुत्या आल्या, त्या हळूहळू पट्ट्यापर्यंत गेल्या आणि सगळी टाकी परत पत्र्यापर्यंत खरवडावी लागली. तीन आठवड्यांचं काम होतं ते, अजून वाईट वाटतं.

आता टूकेची दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्याने पण त्रास होतो. त्याला सांगावा देणारा असा वासही नसतो, म्हणजे वास येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजायचं नाही. कापडी मास्क, धुळीचा मास्क, तोंडाला रुमाल, यातलं काहीच चालत नाही. सगळ्यात चांगला म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, आणि अगदी कमीत कमी म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर (थिनरसारखी वाफ अडवणारी) कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर, तोही नवीन कार्ट्रिजचा. दाढी असेल तर तो घट्ट बसत नाही. सोबत गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोकळी हवा, आणि घरातली माणसं, मुलं, जनावरं लांब. हे जमणार नसेल तर सरळ सांगतो, खरवडण्यापासून रंगापर्यंत सगळं स्वतः करा आणि फक्त क्लिअर एखाद्या पेंटरकडून मारून घ्या, पण असं करणार असाल तर कुठला प्रायमर आणि रंग चालेल ते त्याला आधीच विचारून घ्या कारण नंतर तो नाही म्हणू शकतो.

टाकी उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर खाली सांगितल्याप्रमाणे लाइनचं प्रेशर काढून झाल्यावर. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून पाइप काढायचा, फ्युएल इंजेक्शनची असेल तर लाइनमध्ये प्रेशर असतं, त्यामुळे आधी पंपाचा फ्यूज किंवा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग पाइपला हात लावायचा. पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच्या डब्यात काढून घ्या. कॉक, फ्लोट, पंप, झाकण, बिल्ले, रबर सगळं उतरवा, प्रत्येक जागेचा फोटो काढा, स्क्रू छोट्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. पंपाचं आणि कॉकचं पॅकिंग जुनं असेल तर नवीन मागवून ठेवा, रंगवलेल्या टाकीवर जुन्या पॅकिंगमधून पेट्रोल झिरपलं तर खालून रंग सुटायला लागतो.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते, रिकामीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती पेट घेते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत पसरते, लांबच्या शेगडीपर्यंत पण पोचते. म्हणून झाकण उघडं ठेवून टाकी दोन-तीन दिवस उघड्यावर सावलीत ठेवा, नंतर सगळी तोंडं नीट बंद करा. ठिणग्या उडवणारा ग्राइंडर आणि हीट गन मी टाकीच्या जवळपास आणतच नाही. पत्र्याला भोक असेल आणि वेल्डिंग लागणार असेल तर ते ज्याला पेट्रोलच्या टाक्यांची सवय आहे त्यालाच द्या, घरी नाही म्हणजे नाही.

आत गंज असेल तर तो आत्ताच काढा, रंगानंतर नाही. गंज काढायचं अॅसिड किंवा आतून लावायचं सीलर एक थेंब जरी बाहेर ओघळलं तरी नव्या रंगाची वाट लागते. टॉर्च मारून आत बघा, बुडाला लालसर पावडर दिसली तर आधी ते काम.

आता प्रश्न असा की पत्र्यापर्यंत खरवडायचंच का? प्रत्येक वेळी नाही. जुना कंपनीचा रंग घट्ट असेल, फुगे नसतील, पोपडे सुटत नसतील, फक्त ओरखडे असतील तर त्याच्यासारखा बेस मिळणार नाही, ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) सगळी चमक मारा आणि त्यावरच पुढचं काम करा. पत्र्यापर्यंत कधी जायचं, तर रंगाखाली गंज फुगलाय, आधी कुणीतरी घरी दोन-तीन थर चढवलेत, किंवा थिनरचा बोळा घासल्यावर जुना रंग विरघळून फडक्यावर येतोय तेव्हा. हा बोळा लावून बघायचा कोपरा टाकीच्या खालच्या बाजूला निवडा. विरघळणाऱ्या रंगावर टूके मारलं तर खालचा थर उचलतो आणि वर सुरकुत्या येतात.

खरवडायचे दोन मार्ग आहेत, केमिकल आणि पेपर, आणि मी दोन्ही मिळून करतो. पेंट रिमूव्हर जेलसारखा असतो, जाड थर ब्रशने एकाच दिशेने लावायचा, परत परत फिरवायचा नाही, वरून पातळ प्लास्टिक पसरायचं म्हणजे तो लगेच सुकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत रंग कातडीसारखा सुटून वर येतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचा. क्लिअर, रंग, प्रायमर असे थर असतात त्यामुळे एका वेळेत सगळं निघत नाही, दोन-तीन वेळा लावावं लागतं. मेथिलीन क्लोराइडवाला रिमूव्हर सगळ्यात झटपट काम करतो पण तो घेऊ नका असंच मी सांगेन. त्याची वाफ बंद जागेत जीवघेणी आहे, शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, पातळ नायट्राइल हातमोज्यांतून तो काही मिनिटांत आरपार जातो, आणि युरोपियन युनियन आणि अमेरिकेत तर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे. बेन्झिल अल्कोहोलवाला हळू चालतो, तासन् तास घेतो, पण ते परवडलं.

रिमूव्हरबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. टाकीच्या खाली दोन पत्रे जोडलेली कडा असते, त्या फटीत रिमूव्हर शिरला की धुऊन पण पूर्ण निघत नाही आणि महिन्याभराने तिथूनच नवा रंग फुगायला लागतो. म्हणून ती कडा आणि झाकणाची जागा टेपने झाका आणि तेवढा भाग हाताने पेपरनेच घासा. काम झालं की डब्यावर लिहिलंय तसं पाण्याने किंवा थिनरने पूर्ण धुऊन कोरडं करा.

उरलेलं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १२०, मग १८०. वायर ब्रशने रंग निघतो पण पत्रा गुळगुळीत चकचकीत होतो आणि प्रायमरला धरायला काही राहत नाही, त्यामुळे ब्रश मारलात तरी नंतर पेपर फिरवायलाच हवा. सँडब्लास्टिंगचा मोह होतो, पण टाकीचा पत्रा पातळ असतो, जास्त प्रेशरने वाकतो, आणि वाळू आत गेली की ती फिल्टरपर्यंत पोचते. जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं, अशी टाकी कोरडी घासू नका, पाणी लावून घासा आणि मास्क ठेवा.

उघडा पत्रा दिसला की घाई करायची, इथे मात्र खरंच घाई करायची. दमट हवेत काही तासांत त्यावर पिवळट गंज धरतो, उघड्या हाताचे ठसे पण गंजतात. सकाळी खरवडलं तर संध्याकाळपर्यंत प्रायमर बसला पाहिजे असंच दिवसाचं नियोजन करा. दोन फडके घ्यायचे, एकाने ग्रीस रिमूव्हर लावायचा आणि तो सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचा. एकाच फडक्याने पुसलं तर तेल नुसतं इकडून तिकडे फिरतं. गाडीला कधी सिलिकॉनचं पॉलिश मारलं असेल तर हे दोनदा करा, नाहीतर रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात.

उघड्या पत्र्यावर मला टूके इपॉक्सी प्रायमर सगळ्यात भरवशाचा वाटतो, पाणी अडवतो आणि पुट्टी पण त्यावर नीट धरते. एच (etch) प्रायमर पण चालतो, पण त्यात अॅसिड असतं आणि त्याच्यावर थेट पुट्टी लावायची नाही, दोघांचं पटत नाही.

पोचे असतील तर पुट्टी. गोळाभर पुट्टीला मटारच्या दाण्याएवढा हार्डनर, वजनात साधारण दोन टक्के, आणि रंग एकसारखा होईपर्यंत दाबून दाबून कालवा, फेटू नका, हवा शिरते. कालवल्यावर हातात चार-पाच मिनिटंच असतात म्हणून थोडी थोडी करा. थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवा, खोल पोचा असेल तर आधी पत्रा ओढून घ्या, पुट्टीने विहिरी भरायच्या नाहीत, पुढे तडे जातात. सुकल्यावर ८०, १२०, १८०, सगळं कोरडंच, कारण पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी खाली गंज धरतं. टाकी गोल असते त्यामुळे सपाट लाकडी ठोकळा सगळीकडे बसत नाही, मऊ फोमचा ब्लॉक वापरा आणि तिरपे तिरपे हात फिरवा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा पडतात आणि त्या क्लिअर मारल्यावर उन्हात दिसतात. डोळे मिटून तळहात फिरवून बघा, डोळ्यांना न दिसणारा खड्डा हाताला लागतो.

त्यावर हाय-बिल्ड, म्हणजे जाड थर बसणाऱ्या, प्रायमरचे दोन-तीन हात. तो सुकला की वेगळ्या रंगाच्या स्प्रेचा अगदी हलका फवारा सगळीकडे उडवा, नुसते ठिपके पडतील एवढाच, आणि मग ४०० च्या वॉटर पेपरने ब्लॉक लावून घासा. उंच जागेवरचे ठिपके आधी जातात, खोल जागेवरचे राहतात, म्हणजे टाकी स्वतःच दाखवते कुठे काम बाकी आहे. ठिपके सगळे गेले पण कुठेही पत्रा उघडा पडला नाही, ही झाली तयार टाकी. शेवटी ६०० फिरवा, मेटॅलिक असेल तर ८०० पर्यंत जा, कारण मेटॅलिकखाली जाड पेपरच्या रेघा लगेच दिसतात. या टप्प्याला मला दोन पूर्ण दिवस लागतात आणि मी ते कमी करायचा प्रयत्न पण करत नाही, रंग नंतर अर्ध्या तासात मारून होतो.

रंग मारायची जागा. धूळ खाली बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडा, टाकीच्या खाली मधोमध, फ्रेम बसते त्या पन्हाळीतून लाकूड घालून अशी उभी करा की खालून पण हात पोचेल. तापमान १८ ते २७ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. पाऊस पडत असताना किंवा खूप दमट हवेत मारू नका, क्लिअर दुधाळ होतो. स्प्रे कॅन असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, फवारा बारीक पडतो, पण गरम पाणी किंवा आच अजिबात नाही, डबा फुटतो. आतली गोळी वाजायला लागल्यावर पण अजून दोन मिनिटं हलवा.

हात मारताना अंतर कॅनने २० ते २५ सेंटिमीटर, स्प्रे गनने १५ ते २०. टाकीच्या बाहेर फवारा सुरू करायचा, टाकीवरून न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊन सोडायचा, पुढचा पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा. मनगट वळवून कमान काढू नका, सगळा हात हलवा. पहिला हात इतका पातळ की प्रायमर आरपार दिसतो, आणि तो बघून अजून थोडं मारावंसं वाटतं, तिथेच ओघळ येतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा, मग तिसरा. खालच्या कडा आणि पन्हाळीचे काठ आधी मारा, वरचा भाग शेवटी. आधी एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यावर दहा वेळा सराव करा, टाकीसारखाच गोल असतो तो.

रंगानुसार थोडं वेगळं असतं. पिवळा आणि लाल खालचा थर कमी झाकतात, त्यांच्याखाली पांढरा बेस द्या. मेटॅलिकमध्ये ढग ढग दिसले तर शेवटचा हात थोडा लांबून, हलका, आडवा-उभा असा मारा म्हणजे कण एकसारखे बसतात. कँडी हा पारदर्शक रंग, चंदेरी किंवा सोनेरी बेसवर बसतो आणि प्रत्येक हाताने गडद होत जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे हात मोजावे लागतात, एका बाजूला एक जास्त झाला तर टाकी दोन रंगांची दिसते. पहिल्या वेळेला कँडी घेऊ नका, साधा सॉलिड रंग घ्या, चुकला तर दुरुस्त करता येतो.

पट्टे द्यायचे असतील तर साध्या मास्किंग टेपने कडा फाटक्या येतात, बारीक प्लास्टिकची फाइन लाइन टेप घ्या, ती वळणावर पण वाकते. टाकीची मधली रेघ शोधा, तिथून दोन्ही बाजूंना माप घ्या. एका बाजूचं डिझाइन कागदावर कापा आणि तोच कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा, नजरेने जुळवायला जाऊ नका. टेपची कड नखाने दाबा, मग आधी खालच्याच रंगाचा हलका हात टेपच्या कडेवर मारा, म्हणजे जे काही आत झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपेल आणि नव्या रंगाची कड धारदार येईल. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, स्वतःवर दुमडून हळू ओढा.

बेसवर, म्हणजे रंगाच्या थरावर, क्लिअर किती वेळात मारायचा ते डब्यावर दिलेलं असतं, ती मुदत गेली तर क्लिअर नीट धरत नाही आणि वर्षभराने सालपटं निघतात. टूके स्प्रे कॅन असेल तर बुडाचं बटण दाबून हार्डनर सोडायचा, नीट हलवायचा आणि सांगितलेल्या वेळात संपवायचा, तो डबा आतच घट्ट होतो, पुढच्या महिन्यासाठी ठेवता येत नाही. मास्क पहिल्या फवाऱ्याआधी, आणि मारून झाल्यावर पण त्या जागेत बिनमास्कचं जायचं नाही. पहिला हात हलका, चिकट होईपर्यंत थांबा, मग एक किंवा दोन ओले हात. झाकणाच्या खाचेत मुद्दाम नीट मारा, जिथे झाकणाचं रबर बसतं तिथपर्यंत क्लिअर पोचला पाहिजे, कारण पेट्रोल नेहमी रंगाच्या उघड्या कडेतून आत शिरतं. त्या खाचेतलं पाणी जायचं छोटं भोक बुजलं नाही ना ते पण बघा.

मारताना माशी बसली, केस पडला, ओघळ आला, काहीही झालं तरी हात लावू नका. ओला रंग बोटाने सुधारत नाही. पूर्ण वाळू द्या, मग ओघळ छोट्या ब्लॉकवर १००० चा पेपर लावून फक्त तेवढाच कापा. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर दोन-तीन दिवसांनी १५००, २०००, ३००० असं पाण्याने घासून रबिंग कंपाउंड मारा. कडांवर टेप लावून घासा, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फटक्यांत खालचा रंग दिसायला लागतो.

रंगाच्या कागदपत्रांचं पण बघून ठेवा, बऱ्याच ठिकाणी गाडीच्या नोंदणीवर रंग लिहिलेला असतो आणि बदलला तर कळवावं लागतं.

हाताला टाकी एका दिवसात कोरडी लागते पण आतून पक्की व्हायला वेळ लागतो. मी कमीत कमी एक आठवडा पेट्रोल घालत नाही, थंडी असेल तर दोन, आणि वॅक्स महिनाभर नाही. बसवताना खालची रबरं जागच्या जागी आहेत ना बघा, फ्रेमला टाकी घासली तर तिथून गंज सुरू होतो. आधी लिटरभरच पेट्रोल घाला, कॉक आणि पंपाच्या खाली कोरडा टिश्यू ठेवून अर्धा तास थांबा, टिश्यू कोरडा राहिला तर मग टाकी भरा, आणि भरताना नोझलभोवती फडका धरा.